दिवसातून तीन वेळा

ती ताट घेऊन समोर बसली, तसं बाबांनी आपलं ताट उचललं आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले... गेले सात महिने हे असंच चाललं होतं! तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ओघळायचं, ते ती रुमालाने टिपायची आणि वडिलांच्या पाठीकडे बघत राहायची. आपला हा वाकडा चेहरा जन्मदात्यालाही बघवत नाही, या विचाराने तिचं अंतःकरण विदीर्ण व्हायचं...

बाबांचं काचकामाचं दुकान होतं. आई गेल्यापासून बापलेकच ते चालवत. त्या दिवशी दोघांनी मिळून एक मोठी काच उचलली आणि बाबांच्या हातांना अधूनमधून सुटणारा कंप पुन्हा सुटला... काच निसटली, फुटली आणि तिचा गाल कानापासून ओठापर्यंत चिरत गेली. "कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा रक्ताळलेल्या तोंडाने तीच घाईघाईने म्हणाली होती, "माझाच पाय सरकला!" बाबांचे हात थरथरतात हे चारचौघांत कळलं असतं, तर त्यांना पुन्हा काम कोण देणार होतं? बाबा शेजारीच उभे होते. मान खाली घालून... गप्प!

ती घरी परतली तेव्हा बाबांनी घरातले सगळे आरसे उतरवून टाकले होते. आणि दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तर बजावलं होतं, की गालाची दुखावलेली नस शिवली आहे, आता आरशात बघून दिवसातून तीन वेळा व्यायाम झालाच पाहिजे. तिने गुपचूप एक हातातला आरसा आणला. पण त्यात बघताना बाबांनी तिला पाहिलं आणि ते दोन दिवस जेवले नाहीत. तिने तो आरसा शेजारणीला देऊन टाकला... व्यायामही तिथेच संपला.

या वेळी तपासणीला बोलावताना बाईंनी सांगितलं होतं, "येताना घरचं कुणीतरी घेऊन ये." म्हणून बाबा पहिल्यांदाच आत आले.

"गाल फुगव... आता हस बघू." उजवी बाजू हसली. डावी नुसती थरारली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "काका, घरी आरसा कुठे लावलाय? उजेड नीट पडतो ना तोंडावर?"

"आरसा?" बाबा गोंधळले. "कशाला?"

बाईंनी सगळं समजावलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आता येईल तेवढं येईल. पण हे गेलेले महिने फार मोलाचे होते हो..."

बाहेरच्या बाकावर बाबा मटकन बसले. "मला का नाही सांगितलंस, चिमणे?"

"तुम्हाला माझं तोंड बघवत नाही बाबा... त्यात आणखी आरसा कुठे मागू?"

"तुझं तोंड?" बाबा म्हणाले. "अगं, तुझ्याकडे बघायला मला तोंड राहिलं नाही! पोरीने खोटं बोलून बापाला झाकलं आणि बापाने ते निमूट झाकू दिलं... हे दिवसरात्र मला खातंय गं!"

तिने त्यांचे हात घट्ट धरले. ते थरथरतच होते. तसेच बाबा उठले, पुन्हा आत गेले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "बाई, हिचा पाय सरकला नव्हता. काच माझ्या हातून सुटली. माझे हात दोन वर्षं थरथरताहेत... कागदावर तसंच लिहा!"

"बाबा!" ती कळवळली. पण तिच्या छातीवरचं केवढं ओझं उतरलं होतं!

दुसऱ्याच दिवशी बाबांनी मोठ्या काचांची कामं ओळखीच्या कारागिराकडे सोपवली आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर आरसा बसवून घेतला. तिच्या शेजारी स्टूल ओढून ते स्वतःही गाल फुगवू लागले. त्यांचा तो फुगलेला, मिशा ताठ झालेला चेहरा पाहून तिला खुदकन हसू फुटलं... अर्धंच! डावा कोपरा पुढेही पुरता कधी उचलला गेला नाही, गेलेले महिने गेले ते गेलेच.

बाबांचे डोळे भरून आले. पण त्यांनी नजर वळवली नाही.

"अजून एकदा हस," ते म्हणाले.