केवडाकुंट्याची पांढरी बाटली

मेणबत्ती जरा इकडं सरकव, पोरी. लाइट यायला अजून तासभर तरी लागेल. तुला मराठी वाचायला जड जातं, पण ऐकायला काही अडचण नाही ना? मग बस. केवडाकुंट्याची गोष्ट तुझ्या बापालाही मी पुरती सांगितलेली नाही.

छप्पन साल, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. एक तारखेला हैदराबाद राज्य मोडून त्याचे तीन वाटे व्हायचे होते. पाणी तपासायच्या आमच्या प्रयोगशाळेत टेबलं, तराजू, कपाटं, सगळ्यांवर खडूनं लिहून ठेवलं होतं. हे मुंबईला, हे आंध्राला. माझंही नाव औरंगाबादच्या यादीत चढलं होतं. मी चोवीस वर्षांचा, परभणीकडचा, आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. माझे वरिष्ठ माधवराव हैदराबादेतल्याच चिक्कडपल्लीचे, तीन पिढ्या सरकारी नोकरीतले. ते म्हणाले, "सूर्यभान, पेट्या बांधायच्या आधी एवढं एक काम उरकून या. केवडाकुंट्यावर जनावरं मरतायत. नमुने आणा."

साधंच काम होतं. बाटल्या थैलीत घातल्या नि सायकलवर टांग टाकली.

कुंटा म्हणजे शहराबाहेरचा उथळ तलाव. मधोमध फार तर दीड पुरुष खोल. वारा मुळीच नव्हता. पाणी असं हिरवं, की कुणी रंगाचे डबे उपडे केलेत असं वाटावं. काठाला जाड साय धरली होती आणि कुजलेल्या कोबीसारखा वास घशात बसत होता. बंधाऱ्यावर आपल्या मराठवाड्यातल्या लोकांच्या चाळीस झोपड्या. दोन आठवड्यांपूर्वी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आलेली माणसं ती. समोरच्या काठावर हिम्मतरावांचा म्हशींचा गोठा. आठ दिवसांत त्यांच्या चार म्हशी पाणी पिऊन तडफडून मेल्या होत्या. रोज सकाळी मेलेले मासे काठाला लागत होते.

हिम्मतराव माणूस वाईट नव्हता. पण मी गेलो तेव्हा त्यांचे डोळे लाल होते नि मागं पन्नास माणसं उभी होती.

"यांनी देव सोडले," ते म्हणाले, "आणि तलावात काहीतरी सोडलं. ती पंचफुला बघा, दिवसभर पाण्यातच असते. उद्या दिवस निघाला की झोपड्या मोडणार."

पंचफुलामावशी तिथंच उभी होती. चाळिशीची विधवा. डोंगी, म्हणजे लहानशी होडी, घालून तलावात शिंगाड्याचे वेल लावायची, त्यावरच तिचं पोट. तिच्यामागं बायका लेकरांना कवटाळून बसल्या होत्या.

"उजाडेपर्यंत वेळ द्या," मी म्हणालो. "पाण्यात कुणी विष घातलं असेल तर मी स्वतः तुम्हाला सांगेन."

"दिला टैम. पण दिवस निघाल्यावर मी कुणाचं ऐकणार नाही, हौ."

मी माधवरावांना चिठ्ठी धाडली, पहाटे सूक्ष्मदर्शक घेऊन या. मला संशय होता तो शेवाळाचा. दिवसा उन्हात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं. रात्री मात्र तेच शेवाळ तो ओढून घेतं. चोरी पकडायची तर उजाडायच्या आधीच पकडायला हवी. संध्याकाळी पाच वाजता पहिली बाटली भरली, दोन औषधांचे थेंब घातले. प्राणवायू असला की पाण्यात तपकिरी गाळ धरतो. ही बाटली काताच्या पाण्यासारखी गडद झाली. प्राणवायू भरपूर.

आता पहाटेची बाटली. मावशी म्हणाली, "डोंगी मी चालवते, भाऊ. माझ्यासाठी चाललंय हे सगळं."

चारला निघालो. कंदील, दोरी, बाटल्या. चंद्र नव्हता. आधी आवाज आला तो माशांचा. हजारो तोंडं पाण्यावर येऊन उघडमीट करत होती, पचक... पचक... पचक. हवेसाठी तडफडत होते बिचारे. अंगावर काटा आला, पण मनात म्हटलं, आपला संशय बरोबर आहे.

मध्यावर पोचलो आणि मासे गप्प झाले. एकदम. जणू कुणी दटावलं.

मग दुसरा आवाज ऐकू आला. कुणीतरी श्वास आत घेत होतं. लांब... लांब... आत, नुसता आत. मी तो सुटायची वाट बघत राहिलो. तो सुटलाच नाही.

"मावशी..."

"बोलू नका," ती कुजबुजली. "मी पण ऐकलाय. याच दिवसांत असतो."

कंदिलाची ज्योत वाटाण्याएवढी झाली. परतावं असं मनापासून वाटलं. खोटं कशाला सांगू? पण बंधाऱ्यावर चाळीस झोपड्यांत एकही दिवा विझलेला नव्हता. कुणीच झोपलं नव्हतं. ते दिवे पाहिले नि बाटलीला वजन बांधून दोरी सोडली.

बाटली तळाला टेकली, बुचाला बांधलेली दुसरी दोरी ओढून ती भरून घेतली. मी ओढायला लागलो, तर खालून कुणीतरी ओढलं. झटका नव्हता. हळूच, लहान मूल पदर ओढतं तसं. डोंगी कलली. मावशीनं बांबू टाकून माझी कंबर धरली.

"सोडा, भाऊ... सोडा ती दोरी!"

का कोण जाणे, मला भीतीपेक्षा रागच आला. मी पाण्याकडं बघून मोठ्यानं म्हणालो, "थांब जरा! नमुना घेऊ दे मला!"

आणि दोरी सैल झाली.

बाटली वर घेतली, थेंब टाकले. कंदिलाशी धरली. गाळ पांढरा होता, दुधासारखा पांढरा. पाण्यात प्राणवायूचा एक कणही नव्हता. मी रडलो की हसलो, आठवत नाही. मावशीनं विचारलं, "सुटलो का आपण?" मी म्हणालो, "सुटलो, मावशी."

उजाडलं तेव्हा हिम्मतरावांची माणसं कुदळी घेऊन आली होती. माधवराव टांग्यातून उतरले, कोटाची गुंडीसुद्धा न सोडता त्यांनी बंधाऱ्यावर सूक्ष्मदर्शक मांडलं. मी दोन्ही बाटल्या उंच धरल्या. संध्याकाळची तपकिरी, पहाटेची पांढरी.

"मासे विषानं मेले नाहीत," मी ओरडून सांगितलं. "रात्री त्यांना श्वास मिळत नाही. शेवाळानं कोंडलंय त्यांना."

"आणि माझ्या म्हशी?" हिम्मतराव म्हणाले.

माधवरावांनी काठाची साय काचेवर घेतली नि त्यांना वाकायला लावलं. "मण्यांच्या माळा दिसतायत? या जातीच्या शेवाळात विष असतं. वारा नसला की साय काठाला जमते, जनावर ती पितं आणि मरतं. कुणी कालवावं लागत नाही."

"पण हे एवढं वाढलं कशानं?"

माधवरावांनी काच पुसून बाजूला ठेवली. मग त्यांनी गोठ्याकडं बोट केलं. शेणाचा काळा पाट सरळ तलावात उतरत होता. "यावर पोसलंय, हिम्मतराव."

तो माणूस किती तरी वेळ वाकूनच राहिला. मग सरळ झाला, फेटा काढला आणि पंचफुलामावशीसमोर जाऊन उभा राहिला. "बाई, चूक झाली. माफ करा." पन्नास माणसांसमोर म्हणाला! मागं वळून कुदळीवाल्यांना म्हणाला, "आणल्याच आहेत कुदळी तर चला. पाट वळवायचाय."

बंधाऱ्यावर "जय भीम"चा असा गजर झाला की बगळे उडाले. बायकांनी गूळ-फुटाणे वाटले. माधवराव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "औरंगाबादच्या यादीतून तुमचं नाव मी काढतो. तुम्ही इथंच हवे." म्हणून मी हैदराबादचा झालो, तू पण झालीस. पुढच्या उन्हाळ्यात पाणी इतकं नितळ झालं की त्या तलावाचा तळ दिसत होता. झोपड्यांची पुढं पक्की घरं झाली.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा कुणाला सांगितली नाही.

नमुना वर आला की त्यात लगेच थर्मामीटर बुडवायचं असतं. पहाटे पाण्याचा वरचा थर चौऱ्याहत्तर फॅरनहाइट होता. तळाच्या त्या बाटलीत पारा अठ्ठ्याण्णवाच्या पुढं जाऊन थांबला होता. साडेअठ्ठ्याण्णव. ताप नसलेल्या माणसाच्या अंगाएवढा.

थर्मामीटर बिघडलं असेल म्हणून, लोक नाचत होते तेव्हा मी एकटाच डोंगी घेऊन पुन्हा मध्यावर गेलो. लख्ख ऊन होतं. त्याच जागी दोरी सोडली. वरपासून तळापर्यंत पंच्याहत्तर. थर्मामीटर ठीक होतं. तळाशी आता काही नव्हतं.

हायसं वाटून डोंगी वळवली, तेव्हा लक्षात आलं. जाताना पाणी डोंगीच्या काठापासून चांगलं वीतभर खाली होतं. आता ते चार बोटांवर आलं होतं.

डोंगीत मी एकटाच होतो.