शेवट बाहेर ठेवलेलं रीळ

“केप पिवळीच राहिली पाहिजे!”

“हॅट्! पिवळ्यावर डाग दिसतात. लाल हवी.”

“अरे शिडी, तो जग वाचवायला निघालाय, जाहिरातीत कपडे धुवायला नाही!”

जुन्या थिएटरच्या पायऱ्यांवर सकाळी नऊलाच भांडण जुंपलं होतं. भांडणाऱ्या तिघांना सुट्टी लागलेली, आणि तिघांच्याही गळ्यात टॉवेल. लांबच लांब वाढलेला तो शिडी. त्याचा धाकटा भाऊ पोपट. तो काय तो झोपेतच गप्प. आणि एकदा धरलेला मुद्दा सोडायचाच नाही, या गुणामुळे जिला सगळे वकीणबाई म्हणत, ती या थिएटरचं मशीन चालवून म्हाताऱ्या झालेल्या आजोबांची नात.

भांडणाचं कारण काही साधंसुधं नव्हतं. वीजधर परत येणार होता!

वीजधराचे तीन सिनेमे चाळीस वर्षांपूर्वी आले. तिसऱ्याच्या शेवटी फुटणारं धरण खांद्यावर तोलताना तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला, पडद्यावर ‘समाप्त’ आलं आणि लोक डोळे पुसत घरी गेले. आता कंपनी ती मालिका नव्याने काढणार होती. पण वीजधर तर मेलेला! म्हणून त्याच्या जागी म्हणे एक यंत्रमानव येणार होता. हे ऐकून पोपटाने दोन दिवस आइस्क्रीम सोडलं होतं.

आजोबा मात्र चाळीस वर्षं एकच सांगत आले. “वीजधर मेला नाही! ‘समाप्त’नंतर मिनिटभराचा एक तुकडा होता. पहिल्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला, तो कापून टाका. सगळीकडे कापला. मी नाही कापला. जिवंत माणसाला कात्री कशी लावू?”

त्यानंतर रिळं कपाटात कुलूपबंद झाली आणि आजोबांचं नाव पडलं ‘थापाडे आजोबा’. वकीणबाईला ते नाव सुईसारखं टोचायचं. म्हणून तिने कंपनीला एकापाठोपाठ एक एक्केचाळीस पत्रं लिहिली. बेचाळिसावं लिहायच्या आत उत्तर आलं. दिग्दर्शिका बाई आज चार वाजता स्वतः येणार होत्या. तुकडा निघाला, तर नवी मालिका तिथूनच सुरू. नाही निघाला तर?

“तर मी साऱ्या गावादेखत खोटा,” आजोबा हसत म्हणाले होते. पण त्यांच्यापुढचा चहा तसाच निवून गेलेला नातीने पाहिला होता.

“चला, रिळं वर न्यायचीत!” ती उठली.

मॅनेजरकाकांनी मोठ्या ऐटीत कपाट उघडलं. आत रिळांचे डबे चांदीसारखे लखलखत होते.

“पाहुण्या यायच्या म्हणून मागच्या आठवड्यात स्वतः रंगवले! कसे दिसतात?”

“छान. पण काका, डब्यांवरचे आकडे कुठे गेले?” शिडीने विचारलं.

काकांचा चेहरा पडला. “आकडे? त्यावरही रंग बसला वाटतं.”

“एक, दोन, तीन...” पोपटाने मोजायला सुरुवात केली आणि शेवटी किंचाळला, “तेरा! आजोबा तर चौदा म्हणतात!”

“तेरा काय, चौदा काय!” काका घाम पुसत म्हणाले. “एक रीळ जळालेलं होतं. काळंकुट्ट! हातभर उलगडून उजेडात धरलं, चित्रबित्र काही नाही. म्हटलं, अडगळ कशाला? टाकलं देऊन.”

वकीणबाई पुढचं ऐकायला थांबलीच नाही. ती धडाधड जिना चढून मशीनच्या खोलीत गेली, मागोमाग शिडी आणि पोपट. आजोबा तिथे दातेरी चाकांना तेल घालत बसले होते.

“आजोबा, एखादं रीळ जळालं होतं?”

“कोण म्हणतं? माझ्या हातून आजवर एक चित्र जळालेलं नाही!”

“मग काकांना एक रीळ काळं कसं दिसलं?”

आजोबांनी तेलाची कुपी खाली ठेवली. “काळं? कुठून काळं?”

“बाहेरून. वरचं हातभर.”

“अगं वेडे!” आजोबा उठूनच उभे राहिले. “खेळ संपल्यावर मी रीळ कधीच उलटं गुंडाळत नसे. शेवट बाहेर तसाच ठेवायचा. म्हणजे पुढच्या माणसाला रीळ गुंडाळावंच लागतं, आणि गुंडाळताना कुठे फाटलंय का ते बोटांना कळतं. शेवटच्या रिळात सगळ्यात बाहेर तोच तुकडा! सुरुवातीला ढिगाऱ्याखालचा अंधार आहे. शेवटी शेवटी तर नुसता रात्रीचा काळोख!”

“म्हणजे काकांनी वीजधरच देऊन टाकला!” पोपट ओरडला.

तिघे खाली धावले. “काका, दिलं कुणाला?”

“मागच्या बागेतल्या माळ्याला. त्याला पाखरं हाकलायला काहीतरी सळसळणारं हवं होतं.”

काखेतच कळसा निघाला, गावाला वळसा पडलाच नाही! थिएटरची मागची भिंत ओलांडली की बाग. शिडीने दोघांना खांद्यावरून पलीकडे उतरवलं. टोमॅटोच्या नऊ वाफ्यांवर काठ्यांना बांधलेल्या नऊ काळ्या पट्ट्या वाऱ्यावर फडफडत होत्या, आणि त्यातल्या एकीवर एक कावळा आरामात झोके घेत होता.

“ऊठ रे मेल्या, वीजधरावर बसतोस?” पोपटाने टॉवेल भिरकावला.

झोपडीतून माळीमामा बाहेर आले. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा! मी दर वाफ्याला तीन-तीन मीटर कापलं. बाकीचं रीळ आत धड आहे, बाळांनो. आणि खरं सांगू? या पट्ट्यांना एक पाखरू घाबरलं नाही!”

“त्याला पाखरं कशी घाबरतील? तो चांगल्या माणसांपैकी आहे,” पोपट गंभीरपणे म्हणाला.

शिडीने पहिल्या वाफ्यावरची पट्टी सोडली. “ही एक नंबर.”

“थांब! शेवट बाहेर होता ना? म्हणजे मामांनी आधी शेवट कापला. ही नऊ नंबर!” वकीणबाईने चिठ्ठी चिकटवली.

तीन वाजता आजोबांच्या टेबलावर उरलेल्या रिळाशेजारी नऊ पट्ट्या मऊ फडक्याने पुसून ओळीने पडल्या. आजोबांच्या हातांना कंप. म्हणून ते सांगत गेले आणि नात चिकटपट्टीने जोडत गेली. शिडी मोजत होता, पोपट पट्ट्या हातात देत होता. शेवटचा जोड बसतो न बसतो तोच खाली गाडी थांबली.

थिएटर खच्चून भरलं होतं. सारं गाव थापाड्या आजोबांची फजिती बघायला आलं होतं, आणि पहिल्या रांगेत दिग्दर्शिका बाई वही उघडून बसल्या होत्या. आजोबांनी ते शेवटचं रीळ लावलं. खोलीच्या खिडकीला नाक लावून वकीणबाई बघत होती. ‘समाप्त’ आलं. मागोमाग अंधार. नुसता अंधार!

“झालं! काळं रीळ!” कुणीतरी खुदखुदलं.

“देवा, एकदाच,” ती पुटपुटली.

पडद्यावर दगडांच्या फटीतून एक किरण आला. धुळीत एक बोट हललं. मग हात. ढिगारा उसळला, वीजधर उठून उभा राहिला, आणि उंच झेप घेऊन... डोकं खाली, पाय वर करून थेट जमिनीकडे निघाला!

“पोपट्या! पट्टी उलटी दिलीस!”

“मी सरळच दिली! तू उलटी बसली होतीस!”

थिएटर हसून लोटपोट झालं. सहाच सेकंद! पुढच्या पट्टीला वीजधर सुलटा झाला आणि मिट्ट काळ्या रात्रीत उडून गेला. मग ज्या टाळ्या पडल्या, त्यांनी छताचं प्लास्टर उडालं.

बाई धावतच जिना चढून आल्या. “आजोबा, वीजधर जिवंत आहे! नवी मालिका इथूनच सुरू होईल, आणि तिचा पहिला खेळ याच पडद्यावर.” मग मुलांकडे वळल्या. “उलटी झेपही ठेवीन म्हणते. इतकी वर्षं दगडाखाली झोपलेला माणूस, जरा गोंधळणारच!”

“आणि केप?” तिघे एकदम.

“पिवळी,” बाई म्हणाल्या. शिडीने टॉवेलमध्ये तोंड लपवलं.

मॅनेजरकाका मान खाली घालून पुढे आले. “आजोबा, चुकलो. आणि पोरांनो, तुमच्यामुळे थिएटरची लाज राहिली.”

“लाज माझी राहिली,” आजोबा म्हणाले आणि नातीच्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. “एक्केचाळीस पत्रं लिहिलीस, पोरी. मी असतो तर तिसऱ्यालाच कंटाळलो असतो.”

वकीणबाई उगीच गरम रीळ उचलून उलटं गुंडाळायला लागली.

“अं हं! राहू दे,” आजोबा म्हणाले. “शेवट बाहेरच असू दे. पुढच्यांना तिथूनच तर सुरुवात करायचीय.”