खोडलेले सहा ठिपके

ठिपका खोडला की आलेखकागदाचा हिरवा रंगही थोडा निघतो आणि दोनेक मिलिमीटरचा फिकट डाग उरतो. मिहिकाच्या कागदावर असे सहा डाग होते. सगळे उजवीकडे, खालच्या अंगाला.

आजोबांनी भिंग खाली ठेवलं. "हे कोणी खोडलं?"

"मीच," मिहिका म्हणाली. "रेषेवर बसत नव्हते, म्हणून वर सरकवले. उद्या जर्नल तपासणार आहेत. वर्गात सगळेच जुळवतात, आजोबा. ठिपके पट्टीला चिकटले की पूर्ण गुण."

डॉ. मनोहर करंबेळकर, म्हणजे मिहिकाचे आजोबा, खाडीकाठच्या शेवाळ-केंद्रातून निवृत्त झाले होते. तिथे वाढवलेल्या शेवाळाच्या तेलावर गावातल्या बस चालत. मिहिकाने शाळेसाठी प्रयोगही शेवाळाचाच केला होता. सोळा बाटल्या, दोन-दोनच्या जोड्यांनी. पहिल्या जोडीवर एक दिवा, दुसरीवर दोन, असं करत शेवटच्या जोडीवर आठ. दहा दिवसांनी प्रत्येक बाटलीतल्या शेवाळाचं वजन.

"खरी वाचनं आहेत का कुठे?"

"माझ्याकडे आहेत," कोपऱ्यातून नोंदू म्हणाला. नोंदू हा नोंदी ठेवणारा जुना यंत्रमानव. केंद्राने मोडीत काढला, तेव्हा आजोबांनी त्याला घरी आणलं होतं. "मिहिका मला 'विसर' म्हणाली. मला ते येत नाही."

"चोंबडा!" मिहिका पुटपुटली.

नोंदूने नव्या कागदावर सोळाही ठिपके काढले. आडव्या अक्षावर दिवे, उभ्या अक्षावर वजन.

"याला विखुरण आलेख म्हणतात (दोन मोजमापांच्या जोड्या सुट्या ठिपक्यांनी दाखवणारा आलेख)," आजोबा म्हणाले. "ठिपके जोडायची घाई करायची नाही. डोळे किलकिले कर आणि अख्खा घोळका कुठे चाललाय ते बघ."

"एका दिव्याला दोन ग्रॅम. दोनला चार, तीनला सहाच्या आसपास, चारला आठ. दर दिव्यामागे साधारण दोन-दोन वाढतायत."

"सारख्या पावलांनी वाढ किंवा घट होते, तो रेषीय आकृतिबंध (ज्यातले ठिपके एका सरळ रेषेच्या आजूबाजूला राहतात). इथपर्यंत तुझी पट्टी चालेल. पुढे?"

"पाचला नऊ. मग सहाला आठ, सातला सहा, आठला चारच. माझं मोजायला चुकलं ना?"

"मोजण्यातल्या चुका रेषेच्या कधी वर पडतात, कधी खाली. तुझे हे सहाच्या सहा खालीच आहेत. आणि पुढचा मागच्यापेक्षा जास्त खाली. चुका अशी रांग धरत नाहीत, मिहू."

त्यांनी पट्टी काढून घेतली आणि शिवणाच्या डब्यातला दोरा तिच्या हातात दिला. मिहिकाने तो ठिपक्यांच्या घोळक्यामधून अंथरला. दोरा चढला, वळला आणि उतरला.

"टेकडी झाली!"

"हा अरेषीय आकृतिबंध (ज्यात दर पावलाला होणारा बदल सारखा राहत नाही). शेवाळाला प्रकाश हवाच, पण फार झाला तर त्याच्या हरितद्रव्यालाच इजा होते. ते या सहा ठिपक्यांनी सांगितलं. तू त्यांना खोडलंस."

"हा आकार माझ्याकडे आधीपासून आहे," नोंदू म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वीचा. संशोधक तेजल मयेकर. शेरा : वाचनं चुकीची, वगळावीत. खाली तुमची सही आहे."

आजोबांनी दोऱ्याच्या उतारावरून बोट फिरवलं.

"माझी विद्यार्थिनी," ते म्हणाले. "मी तिला म्हणालो होतो, मोजताना तुझा हात कापतो, तू शिकवण्या घे. ती खरंच देवरुखला शिकवण्या घेते. प्रयोगशाळेत परत आली नाही."

"तिचं बरोबर होतं हे तुम्हाला कधी कळलं?"

"दोन वर्षांनी. मोठ्या टाकीवर दिवे वाढवले आणि शेवाळ पांढरं पडलं, तेव्हा."

"मग तिला सांगितलंत?"

आजोबा दोरा गुंडाळायला लागले.

"निरोप नऊ वेळा लिहिला आहे," नोंदू म्हणाला. "नऊ वेळा खोडला आहे."

या वेळी मिहिका त्याला चोंबडा म्हणाली नाही. तिने जर्नलमधलं ते पान फाडलं आणि कोऱ्या पानावर पहिला ठिपका काढला. मग दुसरा. सहा दिव्यांपाशी तिचा हात थांबला. "गुण कापले तर?"

"कापू देत. मी येतो उद्या शाळेत, तुझ्या बाईंशी बोलायला."

तिने मान डोलावली आणि आठ ग्रॅमच्या जागी ठिपका काढला.

आजोबा उठून खिडकीपाशी गेले. खाडीपलीकडे केंद्राच्या हिरव्या टाक्या दुपारच्या उन्हात दिसत होत्या. नव्या मुलांनी कालच तिथे आणखी दिवे मागवले होते, जितके दिवे तितकं शेवाळ असं सांगणाऱ्या आजोबांच्याच जुन्या अहवालाच्या भरवशावर.

"नोंदू, तेजलला फोन लाव. लिहायचं नाही. बोलायचंय."

पलीकडून "हॅलो" ऐकू आलं. आजोबांनी खिडकीची चौकट धरली.

"तेजल, मी करंबेळकर. तुझे ठिपके बरोबर होते आणि मला ते नऊ वर्षं माहीत होतं. जुना अहवाल मी आज मागे घेतोय. नवा निघेल तो तुझ्या नावाने."