हे पान कोणाचं?

"अगं आई, आज येणार आहे तो नाक खुपसायला," मंजिरी ई-रिक्षात बसून फोनवर फणफणत होती. "सरकार बदललंय ना, आता आमच्या ऑफिसच्या वेबसाइटचं एकेक पान तपासणार. चेहरा सोज्वळ असेल बघ. असल्यांचे असतातच!"

शेजारचा तरुण गालातल्या गालात हसला. तिने रोखून पाहिलं, तसा तो घाईने बाहेर बघू लागला. लखनौच्या गोमती नगरला दोघंही एकाच सरकारी कार्यालयासमोर उतरले, एकाच लिफ्टमध्ये शिरले आणि वर तिच्या वरिष्ठ विभा मॅडमनी ओळख करून दिली, "ये निनादजी। वेबसाइट का ऑडिट यही करेंगे।"

चेहरा सोज्वळच होता.

"आपको... मराठी आती है?" मंजिरीने घाबरत विचारलं.

"घर पे सब बोलते हैं। हम अकोला के हैं, रहते यहीं सरोजिनी नगर में। समझ लेता हूँ, बोलने में ज़रा..."

समजते, पण बोलत नाही. म्हणजे सगळं ऐकणार आणि मनातलं काही सांगणार नाही! मंजिरीला हा माणूस तिथेच खटकला.

तिचा जीव एका पानात अडकला होता. बाहेरगावाहून लखनौत नोकरीला येणाऱ्या मुलींसाठी तिने वसतिगृहांची माहिती जमवली होती. अमीनाबादच्या गल्ल्यांपासून कानपूर रोडपर्यंत पायपीट करून, वॉर्डनबाईंशी हुज्जत घालून. पण पानाच्या डोक्यावर मावळत्या मंत्र्यांचा हसरा फोटो होता आणि तळाशी तिचं नाव, तिच्या टेबलावरच्या फोनचा नंबर. नव्या सरकारच्या शपथविधीच्या आत हा माणूस ते पान उडवणार, आणि वर 'जुन्यांच्या मर्जीतली' म्हणून तिचं नाव कुठेतरी पोचवणार, अशी तिची खात्रीच झाली.

संशयाला खतपाणी तोच घालत होता. रोज तेच पान उघडायचा. तिने मान वर केली की स्क्रीन बदलायचा. आणि अख्ख्या ऑफिसात विचारत फिरायचा, "ये पेज किसका है?" सगळे हात झटकायचे, "पुराना है, सर।" सरकार बदलताना कुठल्याच पानाला वाली नसतो, ही तिथली रीतच होती. त्यात भर म्हणून टेबलावरचा फोन दोनदा वाजला आणि तिने "हॅलो" म्हणताच कट झाला. पाळत! दुसरं काय?

तिने गुपचूप पानाच्या तळचं आपलं नाव आणि नंबर काढून टाकला.

दुसऱ्याच दिवशी तो टेबलाशी हजर. "कल तक यहाँ आपका नाम था।"

"बरं लक्षात राहिलं तुमच्या!"

"मुझे तो... नंबर भी ज़बानी याद है।" बोलून गेल्यावर त्याचे कान लाल झाले.

पाठसुद्धा केलंय मेल्याने! पण त्या लाल कानांकडे तिचं लक्ष पुन्हा पुन्हा जात राहिलं, आणि याचाच तिला भयंकर राग आला.

शेवटच्या बैठकीत विभा मॅडमनी जाहीर केलं, "जिस पेज का कोई ज़िम्मेदार नहीं, वो आज ही उतर जाएगा। नियम है।"

पडद्यावर एकेक पान येत गेलं. कोणी तोंड उघडेना. निनाद पानं उतरवत गेला. मग तिचं पान आलं... आणि त्याचा हात थांबला.

"ये पेज किसका है?" त्याने थेट तिच्याकडे पाहिलं.

सापळा! मंजिरीने ओठ घट्ट मिटले. कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण दुसऱ्याचं नाव घ्यायची तिथे पद्धत नव्हती.

"आगे बढ़िए," मॅडम म्हणाल्या.

"एक बार और पूछ लूँ, मैडम? ये पेज... किसका है?"

आवाजात धमकी नव्हती, विनवणी होती. मंजिरीला बलिया गावाहून आलेली एक मुलगी आठवली. याच पानावरचा नंबर बघून ती स्टेशनवरून रडवेल्या आवाजात फोन करून वसतिगृहाचा पत्ता विचारत होती. उद्या अशी कोणी आली तर?

"मेरा है!" ती ताडकन उभी राहिली. "हर फोन नंबर मैंने खुद जाँचा है।"

पान राहिलं. गेला तो नुसता फोटो.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "मला अडकवायचं होतं ना तुम्हाला?"

"बचाना था। नाम आपको ही देना पड़ता, मैं कैसे लिखता?"

"मग रोज माझंच पान का उघडायचात?"

त्याने मान खाली घातली. "कल से... कानपुर का ऑडिट है," एवढं बोलून तो निघूनच गेला. लबाड!

दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी होती. तिला चक्क करमेना. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिने उचलला, "हॅलो?" आणि कट व्हायची वाट पाहिली.

"मी... निनाद." मराठी! अडखळत, पण मराठीच. "त्या दोन वेळा मीच होतो. आवाज ऐकला की शब्द पळून जायचे. आज पाठ करून आलो."

"काय पाठ केलंत?"

"तुम्ही मला... फार आवडता."

मंजिरीला आनंद झाला होता, अगदी उघड आनंद. इतके दिवस ज्याच्यावर संशय घेतला, त्याच्यावरच जीव जडला होता!

"हॅलो? कटला का?"

"नाही," ती हसली. "फोन कट करणारे तुम्ही! आता नाव सांगितलंत ना? मग संध्याकाळी कानपूरहून आलात की घरी या. निनाद नावाचं हे पान कोणाचं, ते माझ्या आईला तुम्हीच सांगायचं. मराठीत!"