पुढचं उजवं चाक

गाडी जोडीदाराच्या हाती द्यायची तर चाकांसकट धुऊन द्यायची, हा नागासाकीच्या त्या टॅक्सी कंपनीतला कुठेही न लिहिलेला नियम होता. एका गाडीवर दोन चालक असत. एकाने दिवसभर आणि रात्रभर चालवायची, सकाळी आवारात आणून धुवायची आणि घरी जाऊन झोपायचं. मग दुसऱ्याची पाळी. दोघांची भेट व्हायची ती नळापाशी, बादली या हातातून त्या हातात जाईपर्यंत. बाकीची सगळी ओळख गाडीतूनच. आसन किती पुढे ओढलंय, आरसा कुठे वळवलाय, चाकं कशी पुसलीत, यावरून माणूस कळायचा.

उराकावा तेइझो हा तिथला एक चालक, आणि त्याचा जोडीदार होता इवानागा. इतक्या वर्षांत गाड्या बदलल्या, जोडी बदलली नाही.

या गावात सपाट रस्ता शोधावा लागतो. उतारावर ब्रेक दाबला की लोखंडाची बारीक पूड उडते आणि तापलेल्या चाकावर जाऊन बसते. त्याच दिवशी पुसली तर बोटाने निघते. एकदा पावसात भिजून पुन्हा तापली की मात्र रुतून बसते, तांबूस काळी, आणि साबणाला दाद देत नाही. त्यासाठी एक औषध मिळतं. फवारलं की आधी पाण्यासारखं दिसतं. मग त्याला लोखंड सापडतं, आणि चाकाच्या आऱ्यांवरून जांभळे ओघळ उतरायला लागतात. वास सडक्या अंड्यांचा. नवे चालक नाक दाबून लांब उभे राहत. इवानागा म्हणायचा, "चाकाला घाम फुटला बघ."

तेइझो चाकं फार घासायचा. त्याला कारण होतं. साखरेच्या दुखण्याने त्याच्या उजव्या तळपायाला आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. पायाखाली कुणी घोंगडी घडी करून ठेवावी तसं वाटायचं. ब्रेकचं पेडल किती दबलं ते पायाला कळत नसे. गाडी थांबली की डोळ्यांना कळे. त्यामुळे ब्रेक उशिरा लागायचा आणि जोरात लागायचा, आणि चाकं काळी व्हायची. ती काजळी इवानागाने पाहिली असती तर त्याला सगळं समजलं असतं.

सोडून द्यावं, हे तेइझोला रोज वाटायचं. पण बायको गेलेली, घर डोंगराच्या अंगावर, पायऱ्यांच्या टोकाला. तिथे बसून भिंतीशी बोलायचं? नवं वर्ष येऊ दे, मग बघू, असं तो स्वतःला सांगायचा. आणि दर उतारावर खाली माणसं दिसली की पाय पेडलवरच आहे ना, हे तो वाकून बघायचा.

"काय रे, लग्नाला काढायचीय का गाडी?" इवानागा एकदा नळापाशी म्हणाला. "चाकात तोंड दिसतंय माझं."

"तुझं तोंड दिसतंय ना? मग घासायचं बाकी आहे अजून."

इवानागा हसला. मग त्याने तेइझोच्या उजव्या बुटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बादली उचलली.

त्या वसंतात इवानागा झोपेतच गेला.

कंपनीत माणसांची चणचण होती. नवा जोडीदार मिळेपर्यंत तेइझोच्या सुट्टीच्या दिवशी गाडी आवारातल्या पत्र्याच्या शेडच्या कडेला नुसती उभी राहू लागली, अर्धी कापराच्या झाडाखाली. आणि लवकरच एका सकाळी तेइझो पाळीवर आला तेव्हा पुढचं उजवं चाक काळं होतं.

आदल्या सकाळी त्याने स्वतः धुतलेलं चाक. बाकीची तीन स्वच्छ होती. गाडीच्या छतावर झाडाची पानं रात्री पडली तशीच पसरली होती, एकही सरकलं नव्हतं. आपल्याच हातून राहिलं असेल असं म्हणून त्याने औषध फवारलं. जांभळे ओघळ आले. पुढच्या वेळेला त्याने ते चाक दोनदा घासलं, फडक्याने कोरडं केलं, पांढरा रुमाल फिरवून पाहिला. सुट्टीनंतर आला तर पुन्हा तेच. हात लावला, तर रिम कोमट होती.

दुरुस्तीचं काम तागावा बघायचा. तोंडाने फटकळ, हाताने चांगला.

"माझ्या गाडीला कुणी हात लावतं का रे?" तेइझोने विचारलं.

"किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली साहेबाच्या खिशात, आणि साहेब बायकोच्या धाकात. कोण लावणार? भूतबीत चालवत असेल तर त्याच्याकडे टॅक्सीचा परवाना आहे का बघा, काका. नाहीतर दंड आपल्याला."

पण पुढची दोन्ही चाकं काढून आत पाहिल्यावर त्याची जीभ थांबली. त्याने ब्रेकच्या तबकडीवरून अंगठा फिरवला.

"काका, हे उजवीकडचं पॅड एवढं झिजलंय, आणि डावीकडचं आहे तसं. आणि दाबणं बघा. तबकडीवर कुठे ओरखडा नाही, काचेसारखी झालीय. इतक्या मऊ पायाने आपल्याकडे एकच माणूस ब्रेक लावायचा, आणि तो तर गेला."

मग तागावाने पाना उचलला. "नवीन पॅड टाकतो. जरा आवाज येईल सुरुवातीला," असं म्हणून तो कामाला लागला.

गाडी आताशा छान थांबायला लागली होती, हे तेइझोच्याही लक्षात आलं होतं. रुग्णालयातून येणारी एक म्हातारी मागून म्हणाली, "चालकदादा, तुमच्या गाडीत चहाचा पेला धरून बसलं तरी सांडायचा नाही." तेइझोने मान लववली. पाय सुधारला असेल, असं त्याने मनाला समजावलं. घरी येऊन तळव्यात सुई टोचून पाहिली. रक्ताचा थेंब आला, दुखलं काही नाही.

ऑगस्टमध्ये इवानागाची नाव निघाली. वर्षभरात गेलेल्यांना त्या दिवशी नावेत बसवून परलोकी धाडतात. बांबूची, कंदिलांची नाव चाकांवर ठेवून कंपनीच्या माणसांनी समुद्राकडे ओढत नेली. फटाक्यांनी कान बधिर झाले, धुराने डोळे झोंबले. तेइझो दोरीला होता. शेजारून इवानागाची बायको सुमिए चालत होती, कानांत कापूस घालून. फटाके जरा थांबले तेव्हा तिने कापूस काढला.

"भावोजी, पाय कसा आहे?"

तेइझोची पावलं अडखळली. "कुठला पाय, वहिनी?"

"उजवा. हे म्हणायचे, तेइझो चाकं इतकी घासतो म्हणजे काहीतरी लपवतोय. आपल्या धंद्यातला माणूस हौसेने एवढं घासत नाही." ती चालत राहिली. "मी म्हटलं, साहेबांना सांगा मग. तर म्हणाले, तो आपणहून सोडेपर्यंत त्याच्या पायाकडे मी बघतो."

मग पुन्हा फटाक्यांची माळ लागली आणि तिने कापूस कानांत घातला.

किनाऱ्यावर सगळ्यांनी नावेला नमस्कार केला. झालं, गेला, असं तेइझोच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी पाळीवर जाताना त्याला वाटत होतं, आज चाक स्वच्छ असणार.

चाक काळं होतं. रिम कोमट.

त्या सकाळी त्याने ते पहिल्यांदा मन लावून धुतलं. घाबरून नाही, लपवायला नाही. बारीक ब्रश घेऊन आऱ्यांच्या खाचा, नटांच्या कडा, हवा भरायच्या नळीची मागची बाजू, सगळीकडे फिरवला. जांभळं पाणी गटाराकडे गेलं. धुऊन झाल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि चाकापुढे कमरेत वाकला. "दमलास ना," तो हळूच म्हणाला. "आभारी आहे रे."

तरीही त्याने काम सोडलं नाही.

शरद ऋतूतली दुपार होती. भुरभुर पाऊस. देवळाखालच्या अरुंद उतारावरून तो रिकामी गाडी घेऊन उतरत होता. डावीकडच्या दगडी पायऱ्यांवरून एक बाई आली. हातात चाकांवर ओढायची पिशवी, छत्री पुढे कललेली. तिने गाडी पाहिली नाही. ती रस्त्यात उतरली.

तेइझोने ब्रेक दाबला.

इंजिन ओरडलं. गाडीने पुढे उडी घेतली.

छत्रीवरची फुलं त्याला स्पष्ट दिसली. पांढरी, बारीक.

आणि गाडी थांबली. हिसका नाही, घसरणं नाही. चहाचा पेला सांडला नसता.

पण इंजिन अजून ओरडत होतं.

त्याने खाली पाहिलं. त्याचा बूट ॲक्सिलरेटरवर होता, पूर्ण दाबलेला.

शेजारचं ब्रेकचं पेडल तळाला टेकलं होतं. त्यावर काही नव्हतं.

बाईने छत्री वर केली. गाडी आपल्यासाठी थांबली हे पाहून ती हसली आणि वाकून आभार मानून पलीकडे गेली. तेइझोही वाकला. मग त्याने दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरून पाय उचलला आणि हातब्रेक ओढला. तेव्हा कुठे ते पेडल वर आलं. हळूहळू, गाडी थांबल्याची खात्री करून माणूस पाय काढतो तसं.

गाडी न्यायला तागावाला बोलवावं लागलं. संध्याकाळी तेइझोने साहेबाच्या टेबलावर परवाना आणि पांढरे हातमोजे ठेवले. साहेबाने कारण विचारलं, त्याने पाय सांगितला. मग नळापाशी जाऊन चाकं शेवटची धुतली. औषधाची उरलेली बाटली तागावाने त्याच्या पिशवीत टाकली. "न्या आठवण म्हणून. शेजाऱ्यांना वास द्या."

पुढच्या उजव्या चाकावर हात ठेवून तेइझो म्हणाला, "सोडलं बघ मी. आता तूही सुट."

गाडी मात्सुझाकी नावाच्या बाईला मिळाली. हिवाळ्यात ती बाजारात भेटली तेव्हा तेइझोने घाबरतच चाकांचं विचारलं.

"चारही सारखीच मळतात हो," ती म्हणाली. "उभी असली तर अजिबात नाही. का?"

"काही नाही. सहज," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं, आणि घराकडे वळताना पिशवी उगीचच जड लागली.

आता त्याचं चालणं म्हणजे घराच्या पायऱ्यांची चढ-उतर, तेवढंच. एकदा खालच्या दुकानातून टोफू आणायला निघाला. रात्री पाऊस झाला होता, दगडांवर शेवाळ होतं. मधल्या वळणावर डावा पाय निसटला. सगळं अंग पुढे गेलं. खाली नुसत्या पायऱ्याच पायऱ्या होत्या.

उजवा पाय दगडावर रुतून उभा राहिला. मऊपणे. हिसका न देता.

त्याने कठडा धरला, श्वास जमू दिला. मग टोफू घेतलं आणि एकेक पायरी चढून परत आला.

घरी आल्यावर तो न्हाणीघरातल्या छोट्या स्टुलावर बसला आणि उजवा मोजा काढला. तळवा काळा होता. तांबूस काळा, बारीक पूड रुतल्यासारखा, आणि त्याला हात लावला तर कोमट. साबणाने घासलं. निघालं नाही.

तेइझोने उठून औषधाची ती बाटली आणली आणि फवारा मारला. आधी पाण्यासारखं दिसलं. जरा वेळाने टाचेवरून जांभळे ओघळ उतरले आणि फरशीवरून वाहत जाळीत गेले.

त्याने बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, घोट्याची मागची बाजू बारीक ब्रशने साफ केली. पाय कोरडा पुसला. रुमाल फिरवून पाहिला. मग त्या पायापुढे मान लववली, आणि तो तसाच पुढे करून ठेवला, स्वच्छ, जोडीदाराच्या हाती द्यायचा असतो तसा.

उद्या इवानागाची पाळी होती.