विशालच्या गाडीचा स्टार्टर

अंबादासांना गाडी चालवता येत नव्हती. तरी गेली दोन वर्षं ते रोज सकाळी मुलुंडच्या त्यांच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये उतरत, मुलाची गाडी दोन मिनिटं चालू ठेवत आणि बंद करून वर येत. दोन वर्षांपूर्वी विशाल मढच्या किनाऱ्यावर मित्रांबरोबर समुद्रात उतरला, तो परत आलाच नाही. मृतदेह सापडला नव्हता, म्हणून आशाही सुटत नव्हती. पोरगा आला की गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली पाहिजे, एवढंच त्यांनी आणि बायकोने, शकूने, धरून ठेवलं होतं. वेडी आशा, पण आईबापांना शहाणपण कोण शिकवणार?

शेवटी गाडीने मान टाकलीच. गुणाजी मेकॅनिकने बॉनेट उघडून कपाळाला हात लावला.

"काका, तुम्हीच वाट लावलीत हिची! स्टार्टर एका दमात जेवढा करंट खातो, तेवढा दोन मिनिटांत भरतो काय? एक तर अर्धा तास फिरवायची, नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवायची."

"मला वाटलं, मी जपतोय तिला..."

गुणाजी बॅटरीच उचलून चार्जिंगला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबादास गाडी पुसायला उतरले. पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. ओलसर सिमेंटचा आणि जुन्या ऑइलचा वास कोंडून राहिला होता. त्यांनी फडकं काचेला लावलं, आणि स्टार्टर फिरला.

खर्र... खर्र... खर्र...

किल्ली त्यांच्या खिशात होती. त्यांनी बॉनेट वर केलं. बॅटरीची जागा रिकामी, दोन वायरी सुट्या लोंबत होत्या. तरी स्टार्टर फिरत होता. इंजिन पकडत नव्हतं. आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"विशाल... तू आहेस का रे?"

खर्र...

जिवंत पोराला बॅटरी लागली असती. दोन वर्षं ज्या मरणाचं नावही अंबादासांनी कुणाला काढू दिलं नव्हतं, ते आता त्यांना कळलं. ते तिथेच ओक्साबोक्शी रडू लागले.

"राहू दे, बाळा... नको दमूस..."

आवाज थांबला. जिन्यावरून शकूच्या चपलांची घाई ऐकू आली.

"अहो, गाडी चालू झाली ना? विशाल आला का?"

"शकू... खाली येऊ नकोस!"

बंद गाडीत हँडब्रेक खट्कन खाली पडला. सपाट जमिनीवर गाडी हळूहळू मागे, जिन्याकडे, आईच्या आवाजाच्या दिशेने सरकू लागली.