अधिकृत गाजरगवत

कोळगंगा विद्यापीठाच्या वनस्पती-अनुवंश प्रयोगशाळेत इब्राहिम मुजावर चिमट्याने एक बी उचलून बीजवाचकाच्या खाचेत ठेवत होते, तेवढ्यात डॉ. शर्मिष्ठा वाघचौरे दार न वाजवता आत आल्या. रागात असल्या की त्या दार वाजवत नसत. अलीकडे विद्यापीठातलं कुठलंच दार त्यांच्या हातून वाजलं नव्हतं.

"माझी नोंद विसर्जनाच्या यादीत घातलीय."

"बसा बाई. कुठली नोंद?"

"माझ्याकडे दुसरी आहे कुठली? खडकवेलच्या विहिरींची!"

मुजावरांनी चिमटा खाली ठेवला. वाघचौरे बाई जलशास्त्राच्या. तीस वर्षं त्या खडकवेलच्या विहिरींचं पाणी मोजत आल्या होत्या. गावाच्या वर रंगांचा कारखाना होता आणि त्याच्याविरुद्ध गावाने लावलेला दावा या एका नोंदीवर उभा होता. प्रती बाईंच्या घरीही होत्या, पण यंत्रांना सांगितलं तर ती हव्या त्या वर्षांचे हवे ते आकडे चहा होईपर्यंत तयार करून देऊ लागल्यापासून न्यायालयं फक्त संस्थेच्या अधिकृत साठ्यातली प्रत मानत. साठ्यातून नोंद गेली की घरच्या प्रतीची किंमत जन्मकुंडलीइतकी. मानणारा मानतो.

विद्यापीठाचं जुनं संगणक-दालन बंद व्हायचं होतं आणि नवा साठा निवडायला समिती नेमली होती. समितीच्या मनात भरलं होतं ते एका कंपनीचं मेघकोठार, म्हणजे लांबच्या संगणकांवरची भाड्याची जागा. त्याला आकारमानानुसार भाडं पडे, म्हणून जे कुणी उघडून पाहत नाही ते आधी विसर्जित करायचं ठरलं. यादी स्वतः कुलगुरू नाईकनवरे यांनी केली होती. त्याच सुमारास रंगांच्या कारखान्याचे मालक विद्यापीठाला सभागृह बांधून देत होते. या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात आला नाही, कारण सगळे बऱ्याच दिवसांपासून दुसरीकडे पाहत होते.

"कुलसचिवांनी मलाही बोलावलंय," मुजावर म्हणाले. "निवड करायची तर तीन दरपत्रकं लागतात. त्यांच्याकडे दोनच आहेत. एक मेघकोठाराचं, एक काचेच्या पाट्यांवर कोरणाऱ्यांचं. म्हणाले, मुजावर, तुम्ही काहीही लिहून द्या, नाकारायचंच आहे."

बाई आता बसल्या. "आणि तुम्ही काय देणार?"

मुजावरांनी खिडकीकडे बोट केलं. खिडकीबाहेर विद्यापीठाचा परिसर होता, म्हणजे गाजरगवत होतं.

"थट्टा पुरे हं मुजावर."

"थट्टा कसली? ऐका तर. सजीवाचा अनुवंश म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी. तिच्यातली बरीच पानं रोपाच्या काही कामाची नसतात. तिथे मी तुमचे आकडे लिहितो. रोपाला त्याचा पत्ताही नसतो. ते उगवतं, फुलतं, हजारोंनी बिया टाकतं. जेवढ्या बिया, तेवढ्या तुमच्या प्रती. वाचायला हे यंत्र. बोगस बियाणं ओळखायला खताच्या दुकानातसुद्धा ठेवतात हल्ली."

"प्रतीवरून प्रत काढताना चुका होतील."

"होतातच. पण प्रत्येक रोपाची चूक वेगळ्या जागी. म्हणून एक रोप वाचायचं नाही, शेकड्याने वाचायची. फरक दिसेल तिथे बहुसंख्य रोपं म्हणतील ते खरं."

"निवडणुकीसारखं."

"त्याहून बरं. रोपं पक्ष बदलत नाहीत."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "मग तुळशीवर लिहा. गुलाबावर लिहा."

"तुळशीला पाणी लागतं, बाई. या विद्यापीठात पाणी कोण घालणार? लिहायचं तर ज्या गावची नोंद त्याच गावच्या गवताच्या बियांवर लिहायचं आणि तिथेच पेरायचं. साठा जिवंत आहे, त्याला जागा मानवली पाहिजे. एकदा मानवली की मग तुम्ही नाही, मी नाही, कुलगुरूसुद्धा लागत नाहीत."

समितीच्या बैठकीत पात्रतेच्या अटी वाचल्या गेल्या. त्या मेघकोठारवाल्यांनीच बेतून दिल्या होत्या. साठा विद्यापीठाची वीज गेली तरी टिकावा, आगीत वा पुरात जाऊ नये, त्याच्या प्रती अनेक ठिकाणी असाव्यात, आणि तो नष्ट करण्याच्या जाणूनबुजून केलेल्या प्रयत्नांनाही दाद देणारा नसावा. ही शेवटची अट काचेच्या पाट्यांना उडवायला घातली होती, आणि पाट्या तिथे उडाल्याही.

"डॉक्टर मुजावर, शेवटच्या अटीचा तुमच्याकडे पुरावा?" कुलगुरूंनी घड्याळाकडे पाहत विचारलं.

"आहे ना, सर. विद्यापीठाचे गाजरगवत निर्मूलन सप्ताहाचे अहवाल. दरवर्षीचे. प्रत्येकावर 'संपूर्ण निर्मूलन झाले' असा शेरा आणि खाली आपली किंवा आपल्या आधीच्या कुलगुरूंची सही. इतकी दीर्घ चाचणी जगातल्या कुठल्याच साठ्याची झालेली नाही."

"गेल्या वर्षी गवत समूळ गेलं होतं. मी स्वतः उद्घाटनाला होतो."

"मग सोमवारी पुन्हा कशाचं उद्घाटन आहे, सर?" मुजावरांसोबत येऊन बसलेल्या वाघचौरे बाई म्हणाल्या.

कुणीतरी खोकलं. कुलसचिव कडलग तुलनात्मक तक्त्यावर बोट ठेवून बसले होते. कडलगांना आयुष्यात देवाचं भय नव्हतं, कुलगुरूंचं बेताचं होतं, लेखापरीक्षणाचं मात्र फार होतं. मुजावरांच्या नावापुढे भाड्याच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं होतं.

"सर, पात्र ठरलेल्यांत सर्वांत कमी दर यांचा आहे."

"कडलग, ते गवत आहे."

"पात्र आहे, सर. फुकटचं सोडून भाड्याचं का घेतलं, असं उद्या विचारलं तर..." कडलगांनी बोट 'निरंक'वर नेलं. हे दरपत्रक नाकारायचं तर कारण लिहावं लागणार होतं. अटी कंपनीसाठी बेतल्या होत्या, हे कारण तेवढं लिहिता येत नव्हतं.

गाजरगवत विद्यापीठाचा अधिकृत साठा झालं. भाडंच नाही म्हटल्यावर विसर्जनाचं कारण संपलं आणि ती यादीच विसर्जित झाली. खडकवेलच्या विहिरींकाठी गावच्याच गवतावर लिहिलेली नोंद बाईंनी स्वतः वाकून पेरली. गावात गाजरगवत पेरणारी इतिहासातली पहिली बाई म्हणून लोक बघायला जमले होते.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत सगळं निवांत होतं. मग न्यायालयाने हुकूम काढला की खडकवेलची नोंद खडकवेलच्या विहिरींवरच, जागेवर वाचली जाईल. कुलगुरूंनी मुजावरांना बोलावून घेतलं.

"एवढी एक नोंद काढून टाकता येईल?"

"येईल की, सर. गवत संपवावं लागेल."

कुलगुरू हसले. ते मूर्ख नव्हते. बहुमत कसं जमवतात हे कळत असल्यामुळेच ते कुलगुरू झाले होते. "बहुसंख्य रोपं म्हणतील ते खरं, असंच ना?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

आठवड्याभराने खडकवेलच्या सरपंच हौसाताई जगदाळे प्रयोगशाळेत आल्या. "बाई, तुमच्या साहेबांची माणसं आलीती विहिरीवर खुरपायला. एवढ्या वर्षांत कुणी आमचं गवत काढलं नव्हतं, म्हणून आम्ही च्या पाजला. तर गवत उपटून त्यांनी पुन्हा गवतच पेरलं की हो! पोत्यानं! पाणी घातलं, कुंपण घातलं. असलं कसलं खुळ्याचं काम?"

मुजावरांनी हौसाताईंनी पुडीत आणलेलं बी वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली. बी गावचं नव्हतं, विद्यापीठाच्या आवारातल्या धष्टपुष्ट गवताचं होतं, आणि त्यावर कुणाकडून तरी हीच नोंद लिहवून घेतली होती. तीस वर्षांचे तेच महिने, त्याच विहिरी आणि विद्यापीठाची अधिकृत खूणही. आकडे तेवढे दुरुस्त केलेले. खडकवेलचं पाणी पहिल्यापासून आजवर नितळ होतं.

"आपल्या एका रोपामागे त्यांची शंभर पेरलीत," ते म्हणाले. "बाई, माझंच तत्त्व आहे. बहुमत आता त्यांचं. मी न्यायालयात काय तोंडाने सांगू, की बहुमत माना, पण हे नको?"

"काही सांगू नका," वाघचौरे बाई म्हणाल्या. "मी तारीख वाढवून मागणार नाही की रडणार नाही. वाचू देत."

"आणि हरलो तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून मोजायला लागेन. माझे हात कुठे विसर्जित झालेत?"

वाचनाच्या दिवशी खडकवेलच्या मोठ्या विहिरीवर न्यायालयाचे अधिकारी, कारखान्याचे वकील, कुलगुरू आणि अख्खं गाव जमलं. मुजावर चार पावलं पुढे गेले आणि थांबले. विहिरीकाठी कुलगुरूंचं गवत आडवं पडलं होतं. गुडघ्याएवढं झालेलं, पिवळं, पानांच्या कडा करपलेल्या. मधूनमधून, खुरप्यातून सुटलेल्या मातीतल्या बियांतून, गावचं ठेंगणं गवत वर आलं होतं. हिरवंगार, पांढऱ्या फुलांनी भरलेलं.

"रोग पडला?" मुजावर पुटपुटले.

वाघचौरे बाईंनी एक मेलेलं रोप मुळासकट उचललं. मूळ पाहिलं, नखाने खरवडलं. या मातीत काय आहे आणि केव्हापासून आहे, हे त्यांच्याइतकं कुणीच मोजलं नव्हतं. त्या सावकाश सरळ झाल्या.

"रोग नाही. हे पाणी प्यायलं. आपलं गवत पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर तगलंय, त्याला ते मानवलंय. यांचं आवारातलं. तुम्हीच म्हणाला होता ना, साठा जिवंत आहे?"

कुलगुरूंचा चेहरा किंचितही बदलला नाही. "हवामानाचा परिणाम असावा. आम्ही पुन्हा पेरू. वाचन पुढे ढकलावं, अशी विद्यापीठाची विनंती आहे."

"पेरा ना, सर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेला. "दरवर्षी पेरा. पण 'पाणी नितळ आहे' असं लिहिलेलं रोप या विहिरीवर जगवायचं, तर आधी पाणी नितळ करावं लागेल. दुसरी युक्ती नाही. तुमचं खोटं इथे खरं झाल्याशिवाय उगवणारच नाही."

वकील कुलगुरूंकडे पाहू लागले. कुलगुरू कुणाकडेच पाहत नव्हते.

न्यायालयाच्या अधिकाऱ्यांनी हुकमाचा कागद उघडला. "नियम वाचनाचा आहे. मेलेल्या रोपाला बी नाही. जी उभी आहेत ती वाचली जातील."

त्यांनी पहिलं ठेंगणं रोप उपटलं. तेवढ्यात हौसाताईंनी विहिरीतून बादली शेंदली आणि ती कुलगुरूंच्या पुढ्यात आणून ठेवली.

"घाला की, साहेब," त्या म्हणाल्या. "पुन्हा पेरणार म्हणता, तर तुमच्या हातानं घाला पाणी."

बादलीतलं पाणी जांभळं होतं. कुलगुरू दोन पावलं मागे सरले, आणि त्यांच्या बुटाखाली त्यांचंच वाळकं गवत करकरलं.